वाळलेला कांदा वाजतो : रेडिओसाठी लिहायला शिकतानाच्या नोंदी (फेब्रुवारी ते मे २०२५)

९ फेब्रुवारी

सामुदायिक रेडिओ केंद्रावर पहिला दिवस. खोली म्हणजे एका जुन्या घराची माजघरासारखी जागा. भिंतींना गोधड्या टांगल्यात, खिडकीला दुहेरी पडदा, छताला अंड्यांचे पुठ्ठे. गोधड्या गावातल्याच बायांनी दिलेल्या. एका गोधडीवर शाईचा डाग आहे आणि तो नेमका निवेदकाच्या डोळ्यांसमोर येतो.

मी दहा वर्षं कॉलेजात तासिका तत्त्वावर मराठी शिकवलं. या वर्षी तास निम्म्यावर आले, म्हणून इथे. ताईंनी, म्हणजे केंद्र चालवणाऱ्यांनी, काम सांगितलं: उन्हाळ कांद्यावर सहा भाग, प्रत्येकी बारा मिनिटं, काढणीपासून चाळीपर्यंत, म्हणजे कांदा साठवायच्या हवेशीर शेडपर्यंत. "तुमचं मराठी चांगलं आहे, लिहा." मीही खुशीत. वाटलं, लिहिणं तर येतंच.

योगायोग असा की आजचीच तारीख. ९ फेब्रुवारी १९९५ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की हवेतल्या रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. निकाल देणाऱ्यांत न्या. पी. बी. सावंत होते, आपलेच. पण निकाल लागला म्हणून कुणी लगेच टॉवर उभारला नाही. २००२ मध्ये फक्त शिक्षणसंस्थांना दार उघडलं. स्वयंसेवी संस्थांना परवाना मागता आला तो थेट २००६ च्या धोरणानंतर. आमचं केंद्र त्या धोरणाचं अपत्य. ताकद शंभर वॅट, अँटेना जमिनीपासून तीस मीटरच्या आत. डोंगर आडवा आला नाही तर आजूबाजूची दहा-पंधरा किलोमीटर. म्हणजे माझ्या श्रोत्यांपैकी निम्मे मला बाजारात भेटणार. कॉलेजच्या वर्गात ही भीती नव्हती.

१३ फेब्रुवारी

आज जागतिक रेडिओ दिन. केंद्रावर पेढे. माझ्या पहिल्या संहितेचं श्राद्धही आजच झालं.

पहिलं वाक्य मी असं लिहिलं होतं: "कांदा हे नाशिक जिल्ह्यातील ग्रामीण अर्थकारणाचा कणा असलेले, तथापि साठवणुकीच्या कालावधीत विविध कारणांमुळे मोठ्या प्रमाणावर नुकसान पावणारे पीक आहे."

निवेदक आमच्या गावचाच पोरगा, दिवसा मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवतो. तो 'तथापि'पर्यंत आला आणि त्याचा दम संपला. पुन्हा सुरू केलं, पुन्हा तिथेच. तिसऱ्या वेळी ताईंनी काचेपलीकडून विचारलं, "हा तथापि कोण? आपल्या गावचा आहे का?"

सगळे हसले. मीही हसले, पण घरी येईपर्यंत कान गरम होते.

रात्री ते वाक्य मोठ्याने म्हणून पाहिलं. डोळ्याने वाचताना ते नीट उभं राहतं, कारण डोळा मागे जाऊन बघू शकतो. कानाला मागे जायची सोय नाही. 'कांदा' हा शब्द सुरुवातीला आणि 'पीक आहे' शेवटाला, मधे सगळा घाट. ऐकणारा घाटातच हरवतो.

तुकडे केले: "आपल्याकडे घर चालतं कांद्यावर. पण चाळीत ठेवलेला सगळा कांदा बाहेर येतो का? नाही येत. जातो कुठे?" हे लिहिताना फार पातळ वाटलं. विद्यार्थ्याने निबंधात असं लिहिलं असतं तर मी समासात लाल रेघ मारली असती.

२२ फेब्रुवारी

मांडणी शिकले. पानाचे दोन रकाने. डावीकडे काय ऐकू येणार (संगीत, आवाज, कोण बोलतं), उजवीकडे शब्द. 'संगीत वर, मग खाली, निवेदनाखाली चालू ठेवा' असं चक्क लिहायचं, कारण ऑडॅसिटीवर, म्हणजे आवाज जोडण्या-कापण्याच्या सॉफ्टवेअरवर, बसलेल्या पोरीला माझ्या मनातलं दिसत नाही. आकाशवाणीत काम केलेले एक आजोबा अधूनमधून येतात, त्यांचे शब्द वेगळे आहेत: रूपक, श्रुतिका, नभोनाट्य. आमच्या पोरांचे शब्द: जिंगल, बाईट, लूप. दोन्हींची भेसळ करून काम चाललंय.

वेळ मोजली. आमचा निवेदक मिनिटाला साधारण शंभर शब्द वाचतो, मी घाईत एकशे तीस. बारा मिनिटांत सुरुवातीची धून, शेवटची धून, लोकांचे बाईट (मुद्रित बोलण्याचे तुकडे), आवाज हे सगळं काढलं तर निवेदनाला उरतात जेमतेम पाच मिनिटं. पाचशे शब्द. मी पहिल्या भागासाठी सोळाशे लिहिले होते.

आणखी काही बारीकसारीक, इथे लिहून ठेवते कारण विसरेन. कागद एकाच बाजूने वापरायचा. टाचणी लावायची नाही, पान उलटताना माइकला ऐकू जातं. वाक्य एका पानावरून दुसऱ्या पानावर न्यायचं नाही, वाक्य संपेल तिथेच पान संपवायचं, खाली जागा रिकामी राहिली तरी. दम घ्यायचा तिथे तिरकी रेघ.

१८ मार्च

शेतावर ध्वनिमुद्रण. पहाटे साडेसहाला गेलो, कारण नऊनंतर वारा सुटतो आणि माइकवर स्पंज असला तरी फडफड होतेच. बावडीवरची मोटार बंद करून घेतली. कुत्र्याचं काही करता आलं नाही.

काढणी चालू होती. सहा बाया रांगेत बसून पात कापत होत्या. माझ्याकडे राजगुरुनगरच्या कांदा-लसूण संशोधन केंद्राच्या शिफारशींवरून काढलेली टिपणं: निम्म्या माना (कांद्यावर जिथून पात फुटते तो भाग) पडल्या की काढणी, काढणीआधी दहा-पंधरा दिवस पाणी बंद, पात कापताना अडीच-तीन सेंटिमीटर मान ठेवायची. मी त्यातल्या सगळ्यांत थोरल्या जिजींना विचारलं, "मान किती सेंटिमीटर ठेवता?"

जिजींनी विळा थांबवला नाही. "सेंटिमीटर कोन मोजू राहिलं बाई?" मग कांदा वर धरला, मानेला तर्जनी लावली. "हे बघ. पेरभर. पेरभर मान ठेवायची. कमी ठेवली तं तोंड उघडं राहतं, कुजतो. जास्ती ठेवली तं चाळीत पात सडती."

तर्जनीचं एक पेर मी घरी पट्टीने मोजलं. अडीच सेंटिमीटर. जिजींचं कदाचित थोडं कमी भरेल, बोटं झिजलेली आहेत.

आता मी दहा वर्षं 'पेर' शिकवलंय. उसाचं पेर, बोटाचं पेर, 'पेर' आणि 'पेरणी' यांत गल्लत करू नका. पण माप म्हणून तो शब्द मला सुचला नाही. सुचला असता तरी 'हे शास्त्रशुद्ध नाही' म्हणून खोडला असता. संहितेत 'अडीच-तीन सेंटिमीटर' खोडून 'पेरभर' केलं. ते वाक्य निवेदकाला दिलंच नाही, जिजींच्याच आवाजात ठेवलं, विळ्याच्या कर्रकर्रसकट.

शेजारच्या शेतात पोळ, म्हणजे काढलेल्या कांद्याचा शेतातला ढीग, घालणं चालू होतं. तिथले अण्णा म्हणाले, कांदा वाळला की नाही ते हाताने नाही, कानाने कळतं. पाटीतून ओतताना वाळलेला कांदा वाजतो, ओला मुका पडतो. दोन्ही ओतून दाखवले. खरंच. वाळलेल्याची सालपटं एकमेकांवर घासतात, सळसळ येते. मी माइक पार क्रेटच्या तोंडाशी नेला. चौथ्या भागाची सुरुवात याच आवाजाने करायची, एकही शब्द नाही, वीस सेकंद नुसता कांदा. स्वतःवर बेहद्द खूश होते.

२३ मार्च

काल केंद्र सरकारने जाहीर केलं, कांद्यावरचं वीस टक्के निर्यात शुल्क १ एप्रिलपासून रद्द. गावात दुसरा विषय नाही. मी रात्री बसून तीन मिनिटांचं निवेदन लिहिलं, चांगलं जमलं होतं, तोवर हात बसला होता.

ताईंनी वाचलं आणि परत दिलं. सामुदायिक रेडिओला स्वतःच्या बातम्या आणि चालू घडामोडी चालत नाहीत. आकाशवाणीचं बातमीपत्र जसंच्या तसं लावता येतं, तेवढंच. हवामान, परीक्षा-प्रवेश, वीज-पाणी, आरोग्याच्या सूचना, सणवार, स्थानिक खेळ हे बातमीत धरत नाहीत. म्हणजे अमावास्येला कुठल्या डोंगरावर जत्रा आहे ते आम्ही सांगू शकतो. कांद्याचं शुल्क उठलं हे मात्र कांदापट्ट्यातल्या रेडिओने आपल्या तोंडाने सांगायचं नाही. ज्याची रेडिओलहर सार्वजनिक, त्याची जीभ अशी बांधलेली. ताई म्हणाल्या, "चिडून काय होणार? परवाना नूतनीकरणाला जायचाय." तीन मिनिटांचं ते निवेदन वहीत आहे.

२ एप्रिल

पहिला भाग प्रसारित झाला. एक चूक, संपूर्णपणे माझी.

वाणाचं नाव मी कागदावर आकड्यांत लिहिलं होतं: एन, पुढे २-४-१. निवेदकाने वाचलं, "एन दोनशे एक्केचाळीस." पोरगा मोबाइलचे मॉडेल नंबर असेच वाचतो, त्याचा काय दोष. गावातून तीन फोन आले. एकाने विचारलं, हे नवीन बी कुठल्या दुकानात मिळतं?

आता नियम: संहितेत आकडा दिसता कामा नये. 'एन दोन चार एक' अक्षरांत. 'पन्नास टक्के' नाही, 'निम्म्या'. 'दीड मीटर उंची'ऐवजी 'पाच फूट, म्हणजे साधारण बाईच्या उंचीएवढं, त्याच्या वर कांद्याचा थर नको'. जिल्ह्यातल्या गावांची नावंही मी आता उच्चाराप्रमाणे लिहिते.

१२ एप्रिल

हा दिवस मोठा आहे, म्हणून नोंदही मोठी.

आजोबांनी मागे एकदा सांगितलं होतं की १९५६ साली पुणे आकाशवाणीने युनेस्कोच्या मदतीने दीडशे गावांत शेतकऱ्यांचे श्रोतागट बसवले होते. रेडिओ ऐकायचा, मग गटाने चर्चा करायची, आणि शंका-मतं केंद्राला परत पाठवायची. मला त्यातलं 'परत' आवडलं. म्हणून चौथा भाग लागला तेव्हा मी केंद्रावर न थांबता एका शेडमध्ये जाऊन बसले. दहा-बारा बाया कांदा निवडत होत्या: मोठा एकीकडे, बारीक गोल्टी एकीकडे, दुभाळके (जोडकांदे) आणि डेंगळे (फुलदांडा आलेले) बाजूला. खांबाला मोबाइल लटकवलेला, त्यातलाच रेडिओ. मी लिहिणारी आहे हे सांगितलं नाही. जिजींना माहीत होतं, त्या गप्प राहिल्या.

धून वाजली. एकीने विचारलं, कोणाकडचं लग्न कधी आहे. दुसरीने सांगितलं. तिसरी म्हणाली ते मोडलं. या सगळ्यात चाळीस सेकंद गेली, आणि माझी सगळ्यांत महत्त्वाची ओळ, 'ओला कांदा चाळीत भरू नका', त्या मोडलेल्या लग्नाखाली गाडली गेली. पुढे ती कुठेही परत आली नव्हती. मी ती एकदाच लिहिली होती, कारण एकच गोष्ट दोनदा लिहिणं म्हणजे पाल्हाळ, असं मी दहा वर्षं शिकवलंय.

मग माझी वीस सेकंदं. नुसता कांदा, वाळलेला, पाटीतून ओतला जाणारा. सळसळ, खडखड, सळसळ.

एक बाई ताडकन उठली. "पाऊस लागला का वं?"

दोघी शेडच्या दाराशी जाऊन आभाळ बघून आल्या. बाहेर पोळ उघडी होती. आभाळ स्वच्छ, ऊन मी म्हणत होतं. परत येऊन बसल्या तेव्हा एकीने मोबाइलकडे बघून जी शिवी दिली ती इथे लिहीत नाही. जिजी पदर तोंडाला लावून हसत होत्या.

घरी येऊन तो तुकडा डोळे मिटून ऐकला. पत्र्यावरचा पाऊस, दुसरं काही नाही. मी माइक इतका जवळ नेला होता की कांद्याचा कांदा राहिला नाही. आणि मला तो कांदा वाटत होता, कारण मी तो ओतताना पाहिला होता. ऐकणाऱ्याने काहीच पाहिलेलं नसतं. आवाजाच्या आधी किंवा आत कुणीतरी एक शब्द टाकायला हवा होता. अण्णांच्या मुद्रणात तो होताच: "हं, आता ही पाटी ओत." तो मी 'स्वच्छ' करण्यासाठी कापला होता.

उन्हाळ कांद्याच्या हंगामात श्रोत्याला खोटा पाऊस ऐकवायचा, याहून वाईट काय लिहिणार?

१३ एप्रिल

चौथा भाग दुरुस्त. अण्णांचं वाक्य परत घातलं. माइक लांबून घेतलेलं दुसरं मुद्रण सापडलं, ते लावलं. 'ओला कांदा चाळीत नको' आता तीनदा येतं: सव्वा मिनिटाला, मधे अण्णांच्या तोंडी, आणि शेवटच्या धुनेच्या आधी. पहिल्या मिनिटात आता महत्त्वाचं काही नाही, नुसती गंमत आणि एक प्रश्न. लग्नाच्या गप्पांना तेवढी जागा ठेवली आहे.

२७ एप्रिल

पाचवा भाग संवादरूपात करायचं ठरलं. नवरा-बायको, चाळ बांधायचीय. मी लिहिलेलं:

नवरा: अगं, तुला ठाऊक आहे का, चाळीचा तळ जमिनीपासून दीड-दोन फूट उंच का ठेवतात?
बायको: नाही हो! सांगा ना!

बायकोचा आवाज द्यायला आलेली मुलगी बारावीची. तिने कागद खाली ठेवला. "मॅडम, हिला माहीत नाही? ही आयुष्यभर कांदा निवडू राहिली ना?"

बरोबर आहे. माझ्या नाटकातला नवरा परिपत्रक होता आणि बायको नुसती 'हो का' म्हणायला ठेवलेली. माहिती द्यायची म्हणून एकाला अडाणी करायचं, आणि अडाणी करायला बाई बरी पडते. मला हे एका मुलीने दाखवावं लागलं याची लाज वाटली.

पुन्हा लिहिलं. आता दोघांनाही माहीत आहे, पण दोघं भांडतात. त्याला चाळ घराच्या भिंतीला टेकवून स्वस्तात उरकायचीय, तिला खालून-बाजूने हवा खेळणारी मोकळी हवीय, कारण गेल्या वर्षी कुजका कांदा तिने निवडून फेकला, त्याने नाही. माहिती सगळी तीच आली. 'तुला ठाऊक आहे का' एकदाही आलं नाही. तालीम करताना पोरांनी दोन वाक्यं स्वतःच बदलली, ती माझ्यापेक्षा बरी होती. ठेवली. एक तिसरं बदललं ते वाईट होतं, ते काढलं. यावरून थोडं वाजलं.

७ मे

काल दुपारपासून पाऊस. हवामान विभागाचा इशारा होताच, पण मे महिन्यात इतका येईल असं कुणाला वाटलं नव्हतं. शेतात पोळी उघड्या.

ताईंचा फोन: अर्ध्या तासात काहीतरी लिहून आणा, एक मिनिटाचं, दर वीस मिनिटांनी लावू. दोन रकाने आखायला वेळ नव्हता. गाडीवर मागे बसून मोबाइलवरच लिहिलं:

"आभाळ भरलंय. शेतात कांदा उघडा असेल तर हे ऐका. / पोळीवर ताडपत्री टाका, पण कडेने हवा जाऊ द्या. / पोळीभोवती चर काढा, पाणी खाली शिरायला नको. / भिजलेला कांदा कोरड्यात मिसळू नका. / भिजलेला चाळीत नेऊ नका, सावलीत पसरा. / परत सांगतो. भिजलेला कांदा चाळीत नको."

निवेदक दुकान बंद करून आला, अंग ओलं. वाचता वाचता त्याने शेवटी स्वतःचं एक वाक्य घातलं: "आणि विजा कडाडत असतील तर शेतात थांबू नका. कांदा राहू द्या, तुम्ही घरी या."

काचेपलीकडून ताईंनी अंगठा दाखवला. मलाही वाटलं, सगळ्या मालिकेत हेच वाक्य सगळ्यांत चांगलं. रात्री साडेनऊपर्यंत तेच चालू होतं, मधे दोनदा वीज गेली, इन्व्हर्टरवर ओढलं.

२१ मे

पाऊस अजून अधूनमधून येतोच आहे. जिजींकडे गेले होते, सहाव्या भागासाठी बाईट घ्यायला. चाळ अर्धी भरलेली, बाजूला भिजलेल्या कांद्याचा ढीग, वास रस्त्यापर्यंत.

मी विचारलं, त्या दिवशी रेडिओ ऐकला का. ऐकला म्हणाल्या. ताडपत्री होती, टाकली. चर पोरांनी काढला. निम्मा वाचला.

"पन ते एक काय सांगत होता तुमचा पोरगा? कांदा राहू द्या म्हने." जिजींनी एक सडका कांदा ढिगावर भिरकावला. "रेडिओवाल्यांना कांदा नसतो बाई. असं बोलायचं नाही. वीज कडाडती तं मानूस येईलच घरी. कांदा राहू द्या, हे दुसऱ्यानी नाही सांगायचं."

मी निवेदकाला सांगितलं. त्याचा स्वतःचा अर्धा एकर भिजलाय. तो म्हणाला, "मग काय म्हणायचं होतं?"

दोघंही बराच वेळ बसलो. 'विजा आहेत, आधी तुम्ही आडोशाला या, मग कांद्याचं बघू.' हे त्याने सुचवलं. 'बघू'तला 'आपण' राहतो का, असं मी विचारलं. ते दोन्ही तऱ्हांनी मुद्रित करून ठेवलंय, जिजींना ऐकवायचं आहे. सहाव्या भागाचं मुद्रण शुक्रवारी सकाळी सातला, वीज असली तर.